शब्दखंडन म्हणजे शब्दनिंदा नव्हे

ज्ञानदेवांच्या अमृतानुभवातील सहाव्या प्रकरणास ‘शब्दखंडन’ असे नाव आहे, आणि त्या नावामुळेच प्रकरणाविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात एक विपरीत समजूत रूढ झाली आहे. प्रकरण उघडून न पाहता, केवळ अनुक्रमणिकेवरून, लोक असे धरून चालतात की ज्ञानदेवांनी शब्दास व्यर्थ ठरविले; सत्य शब्दापलीकडचे; सबब त्याविषयी वाद, व्याख्या, चिकित्सा ही सारी फुकट खटपट. एखाद्या श्रोत्याने अडचणीचा प्रश्न विचारला की वक्ता ‘हा अनुभवाचा विषय आहे, शब्दाचा नव्हे’ असे म्हणून मोकळा होतो, आणि आधाराला ज्ञानदेवांचे नाव घेतो. ही सोय फार स्वस्त आहे. आमचे म्हणणे असे की शब्दखंडन ही शब्दाची निंदा नव्हे. शब्दाचा अधिकार कोठवर चालतो याची ती कसून केलेली मोजणी आहे. आणि ज्याने हद्द मोजली त्याने हद्दीच्या आतील जमीन नाकारली, असा अर्थ कोणी करीत नाही.

शब्द आणि वस्तू यांचे नाते काय, हा प्रश्न आमच्या देशात वैयाकरणांनी फार जुन्या काळी हाती घेतला. पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके रचताना कात्यायनाने आरंभीच शब्द, अर्थ व त्यांचा संबंध ही सिद्ध, म्हणजे आधीचीच ठरलेली, असे गृहीत धरले. हा कात्यायन दाक्षिणात्य. त्याच्या एका शब्दप्रयोगावरून दक्षिणेकडील लोकांस तद्धित प्रत्ययांची भारी हौस, असा चिमटा पतंजलीने महाभाष्यात काढला आहे. आमच्या बाजूच्या माणसाची इतकी जुनी थट्टा क्वचितच सापडेल. पण त्याच पतंजलीने कात्यायनाचे म्हणणे उलगडताना दिलेला दाखला विसरता येत नाही. घडा पाहिजे असला तर मनुष्य कुंभाराच्या घरी जातो आणि घडा करून दे म्हणतो. शब्द वापरावयाचे आहेत, तेव्हा थोडे करून द्या, असे सांगत वैयाकरणाच्या दाराशी मात्र कोणी जात नाही. वस्तू आपण घडवितो. भाषा आपल्याला घडलेलीच मिळते. पुढे प्रश्न असा, की ‘गाय’ म्हणताच जे कळते ते काय? दारची तांबडी गाय की सर्व गाईंतील गाईपण? व्याडीने पहिला पक्ष घेतला, वाजप्यायनाने दुसरा.

दर्शनकारांच्या हाती हा वाद गेल्यावर त्यास धार आली. मीमांसकास वेदाचे प्रामाण्य राखावयाचे होते. त्याने शब्दार्थसंबंध मनुष्याने केलेलाच नाही, तो औत्पत्तिक आहे, असे सांगितले. नैयायिक व्यवहारी. तो म्हणाला, शब्द आणि वस्तू निसर्गतः जोडलेली असती तर ‘अन्न’ म्हणताच तोंड भरले असते, ‘अग्नी’ म्हणताच भाजले असते, ‘तलवार’ म्हणताच कापले असते. तसे होत नाही, तस्मात् हा केवळ संकेत. बौद्ध आचार्य दिङ्नाग याहून पुढे गेला: शब्द वस्तूस शिवतच नाही, ‘गाय’ हा शब्द गाय नसलेले सारे बाजूस सारतो, एवढेच त्याचे काम. यासच अपोह म्हणतात. आणि सर्वांच्या उलट टोकास भर्तृहरी. त्याच्या वाक्यपदीयात शब्द हेच ब्रह्म. ज्यात शब्द विणलेला नाही असे ज्ञान जगात कोठे नाहीच. त्याने वाणीच्या तीन पायऱ्या मानल्या: वैखरी, मध्यमा, पश्यंती. काश्मिरातील शैव आचार्य सोमानंद याने वैयाकरण पश्यंतीपाशीच अडकले म्हणून त्यांची झाडाझडती घेतली, आणि तिच्यावर परा वाणी सांगितली. ही पायऱ्यांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्ञानदेवांपाशी तिचा उपयोग आहे.

हा सारा वाद दूरदेशीच्या पंडितांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वऱ्हाडातील वाचकास वाटेल. त्याने वाशीमकडे पाहावे. दहाव्या शतकाच्या आरंभीचा राजशेखर, जो आपल्या पूर्वजास महाराष्ट्रचूडामणी म्हणून मिरवितो, त्याने काव्यमीमांसेत एक रूपककथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष; शब्द आणि अर्थ हेच त्याचे शरीर. तो रुसून निघाला, तेव्हा त्यास वळविण्यास पार्वतीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरली, आणि अखेर त्यांचा गांधर्वविवाह झाला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. त्या नावाची उपपत्ती मात्र एक नाही: कामसूत्राची जयमंगला टीका वत्स व गुल्म या दोन राजपुत्र बंधूंची गोष्ट सांगते, स्थानिक माहात्म्य वत्स ऋषीची. गाव एक, नाव एक, आणि नावाच्या पोटात दोन कथा! शब्द हा संकेत आहे असे म्हणणाऱ्या नैयायिकास याहून चांगले उदाहरण कोणते मिळणार?

याच वाशीमात 1939 साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, राज्यवर्ष 37 मधील ताम्रपट उजेडात आला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. मोठेपणा सांगण्यास एक भाषा, गाव हवाली करण्यास दुसरी. शब्दाने जमीन एकाची दुसऱ्याची होते, हे त्या राजाच्या कारकुनास कोणत्याही दर्शनकाराइतकेच ठाऊक असले पाहिजे.

अकोल्याहून वाशीमला जाताना पातूरच्या पुढे मेडशी लागते. तेथे अमृतानुभवावर बोलण्याचा योग आम्हांस आला असता एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “शब्द खोटा म्हनता, त मंग सातबाऱ्यावरचं नाव खोटं हाय का, मास्तर? थे नाव कटलं त वावर जाते.” काही मंडळी हसली. आम्हांस तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. शब्द व्यर्थ आहे असे जे लोक सभेत सांगतात, त्यांनी आपल्या घराच्या खरेदीखतावर असे लिहून द्यावे.

या शेतकऱ्यास ज्ञानदेवांनी काय उत्तर दिले असते, हे सहाव्या प्रकरणाच्या पहिल्याच ओव्यांत सापडते. खंडन ज्याचे करावयाचे त्याची स्तुती करून प्रकरण सुरू होते, ही गोष्ट अनुक्रमणिका वाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शब्द हा आठवण देणारा. तो अमूर्ताचा आरसा. एरवी आरशात पाहणारालाच दिसते; हा आरसा न पाहणारासही दाखवितो. शब्द स्वतः आकाशपुष्पासारखा पोकळ, पण सारे जग हे त्याचेच फळ. विधिनिषेधाच्या वाटेवरील मशाल तोच, बंध आणि मोक्ष यांचा निवाडा करणाराही तोच. म्हणजे कर्तव्य, हक्क, करार, न्याय हा सर्व प्रांत ज्ञानदेवांनी शब्दाच्या स्वाधीन केलेला आहे. सातबारा त्याच प्रांतात येतो. तेथे नाव खोटे नाही. तेथे नावावाचून काही चालतच नाही.

मग खंडन कशाचे? शब्दाविषयी वेदांत्यांचे दोन दावे असतात. एक, तो आत्म्याची आठवण करून देतो. दुसरा, तो अविद्येचा नाश करतो. ज्ञानदेव दोन्ही तपासतात. आठवण त्याचीच करून देता येते ज्याचा विसर पडणे शक्य आहे. जो स्वतःच आठवणारा, त्यास स्वतःचा विसर कसा आणि स्मरण तरी कोणी द्यावे? सूर्य दाखविण्यास दिवा लागत नाही. आणि अविद्या तर नाहीच. जी नाही तिला मारण्याचा पराक्रम म्हणजे मृगजळास बांध घालण्यासारखा. दोन्ही कामे अशी काढून घेतली की त्या एका ठिकाणी शब्दास धंदा उरत नाही. येथे शब्दाच्या दुबळेपणाविषयी एक अक्षर नाही. त्या स्थळी काम नाही, म्हणून कामगारास रजा. तो नालायक आहे असा शेरा कोठेही मारलेला नाही.

याची तयारी पाचव्या प्रकरणात झालेली आहे. सत्, चित्, आनंद ही तीन पदे वस्तूचे वर्णन करीत नाहीत. असत्, जड आणि दुःख यांस ती हटवितात आणि मग स्वतःही मावळतात. अपोहवाद ज्यांनी वाचला आहे त्यांस हे ओळखीचे वाटेल. आम्ही येथे उसनवारी सिद्ध करू इच्छीत नाही. अद्वैत परंपरेत ही व्यावृत्तीची रीत पूर्वीपासून आहे. परंतु भेद पाहण्याजोगा आहे. दिङ्नागाने ‘गाय’ या शब्दापासूनच वस्तू दुरावली. ज्ञानदेव गाईला हात लावीत नाहीत. गोठ्यातील गाय ते ‘गाय’ या शब्दाच्याच हवाली ठेवतात.

आता दोष. सहाव्या प्रकरणातील दृष्टांतांची संख्या युक्तिवादास जड होते. अविद्या नाही, हे एकदा पटल्यावर पुढील दृष्टांत कान सुखावतात, पण बुद्धीला पाऊलभरही पुढे नेत नाहीत. सातव्या, सर्वांत दीर्घ, प्रकरणात तर ही हौस अधिकच वाढली आहे. दुसरे, भर्तृहरीचा मुख्य आक्षेप येथे उभाच केलेला नाही. शब्दावाचून भानच नाही असे जो म्हणतो, त्याला ‘आत्मा स्वतःच भानरूप आहे’ हे उत्तर पुरत नाही. ते भान शब्दविरहित आहे कशावरून, असा त्याचा प्रश्न शिल्लक राहतो. आमच्या मते उत्तर आहे, पण ते तिसऱ्या प्रकरणात, ‘वाचाऋणपरिहारा’त. तेथे चारही वाणींच्या हाकेने जीव जागा होतो खरा, परंतु ती जागही झोपेच्याच पोटातली, म्हणून ऋण पुरते फिटत नाही. अविद्येबरोबर वाणी मावळतात आणि ज्ञानाच्या रूपाने मागे उरतात. तेही ज्ञान बंधच. सोमानंदाने वैयाकरणांस पश्यंतीवरून परेवर नेले. ज्ञानदेव परेलाही पायरीच म्हणतात. नावातील ‘ऋण’ हा शब्द मात्र आमचे निंदक वाचतच नाहीत. ज्याला तुच्छ मानले त्याचे कोणी ऋण मानीत नाही.

त्याच प्रकरणात ज्ञानदेव शिवसूत्रांचा आणि गीतेचा आधार देतात, व लगेच सांगतात की शिवाने किंवा कृष्णाने म्हटले एवढ्यासाठी आम्ही हे मानीत नाही; त्यांनी म्हटले नसते तरी ते तसेच होते. ज्ञानेश्वरीनंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मराठीत लिहिणारा एक तरुण शब्दप्रामाण्याविषयी इतक्या शांतपणे हे बोलतो! ‘शब्दापलीकडे’ म्हणून प्रश्न बंद करणाऱ्यांच्या पंक्तीला त्याला बसविणे हा मोठा अन्याय आहे. तो प्रश्न बंद करीत नाही. आधाराच्या शब्दाकडूनही तो कारण मागतो.

आणि आत्मा जर स्वतःसिद्ध, तर हा सुमारे आठशे ओव्यांचा ग्रंथ तरी कशाला, ही शंका ज्ञानदेवांनी दुसऱ्या कोणास काढू दिली नाही. दहाव्या प्रकरणात ती स्वतःच काढली. गुरूने दिले ते निवांत आपणच भोगावे की नाही? त्यांचे उत्तर दृष्टांतातच आहे: सूर्यास तेज दिले ते त्याच्या एकट्यापुरते नव्हे, चंद्रास अमृत दिले तेही त्याच्यापुरते नव्हे. सर्व विश्वाने या अनुभवाचा सण करावा, असे त्यांनी शेवटी मागितले आहे. आणि हे मागणे त्यांनी मागितले ते शब्दानेच.