एक गाणं, पाच गळे

टॉम वेट्स यांचं ‘वे डाउन इन द होल’ हे गाणं १९८७ साली ‘फ्रँक्स वाइल्ड यीअर्स’ या अल्बममध्ये आलं. सैतानाला खोल खड्ड्यात डांबून ठेव, असा उपदेश करणारं हे गाणं ‘द वायर’चं शीर्षकगीत झालं आणि मालिकेच्या पाचही पर्वांत वेगवेगळ्या गळ्यांतून आलं. दिंडीत टाळ-मृदंगावर म्हटलेला अभंग आणि तोच मैफलीत गायलेला अभंग आपण एकच समजत नाही. शब्द तेच असले तरी मागणं बदलतं. इथेही तसंच होतं.

‘द वायर’ एचबीओवर २००२ ते २००८ या काळात दाखवली गेली. बाल्टिमोरमधल्या पोलीस आणि अमली पदार्थांच्या विक्रेत्यांपासून ती सुरू होते आणि पुढे गोदी, राजकारण, शाळा, वर्तमानपत्र अशी पसरत जाते. पहिल्या पर्वात ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ हा जुना गॉस्पेल गायकांचा संच गातो. हा उपदेश चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचा आहे, त्यात अजून भरवसा आहे. दुसरं पर्व बंदरावरच्या गोऱ्या कामगारांचं, तिथे खुद्द वेट्स येतात आणि त्यांच्या घोगऱ्या, खरवडल्यासारख्या आवाजात तोच उपदेश धमकीसारखा वाटू लागतो. तिसऱ्यात न्यू ऑर्लिन्सचे नेव्हिल ब्रदर्स आहेत. ऐकायला छान, पण मला ते फारसं आत शिरत नाही.

चौथं पर्व मात्र थेट काळजाला हात घालतं. हे शाळकरी पोरांचं पर्व आणि गाणं म्हणतात बाल्टिमोरचीच किशोरवयीन मुलं. आवाज कोवळे आहेत, पण सूर ठाम. ज्यांना खड्ड्यापासून वाचवायचं, त्यांनाच हा उपदेश स्वतःला करावा लागतोय! नेमंड, मायकल, रँडी आणि ड्यूकी या चार पोरांचं पुढे काय होतं हे कळल्यावर ते गाणं ऐकवत नाही. पाचव्या पर्वात गाणारे स्टीव्ह अर्ल मालिकेत व्यसनातून सावरलेल्या वेलनची भूमिकाही करतात. ते स्वतःही त्या विळख्यातून बाहेर आलेले. म्हणून यांत्रिक ठेका मला खटकला तरी त्यांचा आवाज खोटा वाटत नाही.

शीर्षकगीत एवढं ठसतं, कारण प्रत्यक्ष भागांत संगीत फार जपून वापरलंय. निर्माते डेव्हिड सायमन मुळात ‘बाल्टिमोर सन’चे बातमीदार. पात्राच्या दुःखावर पार्श्वसंगीताचा लेप त्यांना नको होता. गाणं वाजलं तर ते गाडीतल्या रेडिओवर, नाक्यावर किंवा दारूच्या गुत्त्यात. तिसऱ्या पर्वात रे कोल या पोलिसाचा मृतदेह बारमध्ये पूल टेबलावर ठेवलेला असतो आणि सहकारी ‘द पोग्ज’ या बँडचं गाणं बेसूर, घसा फाडून गातात. कोलचं काम करणारे रॉबर्ट कोल्सबेरी हे मालिकेचे निर्मातेही होते आणि २००४ साली त्यांचं खरोखरच निधन झालं होतं. तो निरोप दोघांचाही आहे.

हा नियम क्वचितच मोडला जातो, आणि मोडतो तेव्हा चटका बसतो. दुसऱ्या पर्वाच्या अकराव्या भागाच्या शेवटी कामगार संघटनेचा पुढारी फ्रँक सोबोत्का मुलाला वाचवायच्या आशेने ग्रीक बोलणाऱ्या तस्करांना भेटायला निघतो. तो पोलिसांशी बोलल्याची बातमी फुटली आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. पुलाखाली तो एकटा चालत जातो आणि स्टेलिओस काझांत्झिडिस यांचं ग्रीक गाणं वाजत राहतं. काझांत्झिडिस म्हणजे ग्रीसमधल्या कष्टकऱ्यांचा, परदेशी गेलेल्या मजुरांचा लाडका गायक. म्हणजे वेदना सोबोत्काच्या जातकुळीची, आणि भाषा त्याचा जीव घेणाऱ्यांची. शब्द कळत नाहीत, तरी पुढचं सगळं कळतं. खून दाखवलेलाच नाही. दाखवायची गरजही उरत नाही.

अखेरच्या भागात शहराचा शेवटचा फेरफटका सुरू होतो तेव्हा पुन्हा ‘ब्लाइंड बॉइज’ गातात. पाच पर्वं पाहून झाल्यावर त्या वडीलधाऱ्या आवाजातला भरवसा आपल्याला पूर्वीसारखा पटत नाही.

ही मालिका पाहायला घ्याल तेव्हा एवढंच करा: सुरुवात वगळण्याचं बटण दाबू नका, निदान चौथ्या पर्वात तरी.