वाघनखं, जर्मन टोप आणि ‘अस्सल’ हा शब्द

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांच्या कागदावर एक वाक्य हमखास असतं: ‘सदर वस्तूची सत्यता तपासणे’. वाचायला भारी वाटतं. पण आरआरसीत कुणी विचारलं की सत्यता म्हणजे कशाची, तर उत्तर तयार हवं. लोखंड जुनं आहे याची? ती वस्तू त्या काळातल्या प्रकारची आहे याची? की ती अमुक माणसाच्या हातात होती याची? हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. त्यावरचा वाद तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. माझ्या मते तो वाद एवढा रंगला, कारण वरचे तीन प्रश्न दोन्ही बाजूंनी एकाच ‘खरी की खोटी’मध्ये कोंबले.

पुरावा म्हणून हातात काय आहे? मुख्यतः पेटीवरचा इंग्रजी मजकूर. त्याचा आशय असा: ही शिवाजी महाराजांची वाघनखं, यांनीच त्यांनी मोगल सेनापतीला मारलं, आणि साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या पंतप्रधानाने दिली. आता हा मजकूर परीक्षकासारखा वाचा. अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. आणि पेशवा हाच मुळात प्रधान, मग पेशव्याचा पंतप्रधान कोण? आपल्याकडचं शाळेतलं पोरगंही इथे थांबेल. या चुकांमुळे वाघनखं खोटी ठरत नाहीत. एवढंच कळतं की मजकूर लिहिणारा घटनेपासून लांब होता, आणि त्याच्या शब्दावर फार वजन टाकता येत नाही.

त्यात तारखा बघा. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये. मधली १५९ वर्षं ही वस्तू कुणाकडे होती, हे पेटी सांगत नाही. खुद्द संग्रहालयाच्या नोंदीतही ही महाराजांनी वापरलेलीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं म्हटलेलं आहे. ही सावध नोंद आपल्याकडच्या जाहिरातींत गायब झाली, आणि इंद्रजित सावंतांसारख्या अभ्यासकांचा आक्षेप मला त्या बाबतीत रास्त वाटतो. मात्र खरी वाघनखं साताऱ्यातच आहेत, असंही त्या वादात बोललं गेलं. त्या दाव्यालाही हीच फूटपट्टी लावावी लागेल. आपल्या बाजूचा दावा म्हणून सवलत नाही.

‘कार्बन डेटिंग करा, विषय संपवा’ असं विज्ञानवाले मित्र म्हणतात. कोळशावर गाळलेल्या लोखंडात कार्बन असतो, त्याचं वय काढता येतं, हे बरोबर. पण ते वय कोळशाच्या लाकडाचं, हत्यार वापरल्याचं नव्हे. नमुना कापून घ्यावा लागतो ते वेगळंच. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळात कॅलिब्रेशनचा आलेख इतका वेडावाकडा आहे की एकाच मोजमापाला अनेक तारखा बसतात. म्हणजे आपल्याला हव्या त्या टप्प्यावरच ही पद्धत अडखळते. आणि समजा १६५० निघालंच, तरी लोखंड कुणाचं होतं ते कोणतं यंत्र सांगणार?

हाच घोळ बाजारात किती महाग पडतो ते पाहायचं तर दुसऱ्या महायुद्धातले जर्मन पोलादी टोप घ्या. जगभरात त्यांचे संग्राहक आहेत आणि नकलाही भरपूर. १९३५ च्या नमुन्यात हवेच्या भोकाला वेगळी रिंग बसवलेली असते, १९४० च्या नमुन्यात ती उठाव पत्र्यातच दाबून काढलेला, आणि १९४२ च्या नमुन्यात टोपाची कड आत न दुमडता तशीच सोडलेली. आत कारखान्याचं चिन्ह आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो. ‘ईटी ६४’ म्हणजे थाले गावचा कारखाना आणि ६४ मापाचा टोप. उजव्या बाजूचं तिरंगी राष्ट्रीय चिन्ह लावणं लष्करानं १९४० मध्येच बंद केलं. मग १९४२ च्या टोपावर ते दिसलं तर? संशय घ्यायचा.

पण खरी गंमत पुढे आहे. बाजारातली हुशार फसवणूक अख्खा टोप खोटा बनवत नाही. टोप अस्सल, रंग अस्सल, आतलं चामडंही अस्सल. फक्त एसएसचं चिन्ह नंतर चिकटवलेलं. कारण त्या चिन्हाने किंमत कितीतरी पट चढते. धातूची चाचणी कितीही करा, टोप पास होणारच, कारण खोटेपणा धातूत नाहीच, तो गोष्टीत आहे. अतिनील प्रकाशात धागा निळसर चमकला तर तो बहुधा युद्धानंतरचा. पण चमकला नाही म्हणून जुना ठरत नाही. चाचणी दावा पाडू शकते, सिद्ध क्वचितच करते.

वस्तूची अवस्था हाही पुरावाच असतो. आमच्या तेलगावकडे दसऱ्याला घरातली जुनी तलवार पॉलिश पेपरने घासून चकाचक करतात. पूजेला छान दिसते. पण मुठीच्या सांध्यात साचलेला गंज, पात्यावरची पुसट अक्षरं, घडवणाऱ्याच्या कानशीच्या रेघा, सगळं त्या पेपरवर उतरतं. तुमच्या प्रकल्पात अशी वस्तू आली तर आधी फोटो काढा, मग हात लावा. घासणं तर नकोच.

वाघनखांच्या बाबतीत पुढचा शोध मी प्रयोगशाळेत नाही, दप्तरात करीन. १८१८ ते १८२२ या काळात ग्रँट डफ साताऱ्यात होता. त्या वर्षांच्या पत्रव्यवहारात, दरबारी यादीत, भेटवस्तूंच्या हिशोबात अशा वस्तूची एखादी ओळ आहे का, हे बघावं लागेल. ती मिळाली तरी आपण १८१८ पर्यंतच पोचतो. त्याआधीच्या १५९ वर्षांसाठी आणखी कागद लागतील, आणि ते बहुधा मोडीत असतील.