सगळं एकाच आवाजात: लिबव्हर्टचं डॉक्युमेंटेशन वाचताना

या वेळच्या भागात व्हर्च्युअल मशीनचा विषय आम्ही दोन-तीन मिनिटांत उरकला, कारण माइकसमोर बसून एक्सएमएलबद्दल बोलायला लागलं की ऐकणारे पळतात. लिहिताना ती भीती कमी. तुमच्यापैकी बरेच जण लॅबमध्ये किंवा नोकरीत लिनक्स सर्व्हरवर व्हीएम चालवत असणार, आणि चालवत असाल तर कुठेतरी लिबव्हर्ट वापरत असणार, मग ते तुम्हाला माहीत असो वा नसो. व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीमागे तेच असतं, ओपनस्टॅकच्या पोटात तेच असतं.

थोडक्यात रचना सांगतो. केव्हीएम हा लिनक्स कर्नेलचा भाग. २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीत तो आला. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय तो वापरू देतो. त्याच्यावर क्यूईएमयू, जे फाब्रिस बेलारने २००३ च्या सुमारास सुरू केलं. गेस्टला दिसणारी डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळं खोटं हार्डवेअर ते उभं करतं. आणि या सगळ्यावर २००५ पासून लिबव्हर्ट, म्हणजे निरनिराळ्या हायपरवायझरना एकाच भाषेत हुकूम देणारा थर. ती भाषा म्हणजे एक एक्सएमएल फाइल, आणि त्या भाषेचं व्याकरण म्हणजे लिबव्हर्टच्या डॉक्युमेंटेशनमधलं 'डोमेन एक्सएमएल फॉरमॅट' हे प्रचंड लांब पान. आज त्या पानाबद्दल लिहितोय, एखाद्या पुस्तकाबद्दल लिहावं तसं. लाखो मशीन ज्या मजकुरावर चालतात त्याचं परीक्षण कोणी करत नाही, याचं मला नवल वाटत आलंय.

आधी जे चांगलं आहे ते, आणि ते पुष्कळ आहे. या पानावर जवळजवळ प्रत्येक टॅगच्या शेजारी, तो कोणत्या आवृत्तीपासून आहे याची छोटी नोंद असते. सुरुवातीला ही कटकट वाटते. पण २०१७ च्या जानेवारीपासून लिबव्हर्टचा पहिला आकडा दर वर्षी एकाने वाढतो, म्हणजे ३ हे २०१७, ७ हे २०२१. एकदा हे कळलं की त्या नोंदी तारखांसारख्या वाचता येतात. सीपीयूच्या मोडमध्ये 'मॅक्सिमम' हा पर्याय ७.१.० पासून आहे असं दिसलं, की २०१९ मध्ये लावलेल्या आणि कोणी हात न लावलेल्या सर्व्हरवर तो चालणार नाही हे लगेच समजतं. तुमच्या विद्यापीठात असा एक तरी सर्व्हर आहे, पैज लावतो. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये इतकी शिस्त मी क्वचित पाहिली.

दुसरी चांगली गोष्ट व्हर्श या कमांडच्या मॅन्युअलमध्ये आहे. चालू व्हीएम जबरदस्तीने बंद करण्याच्या कमांडचं नाव 'डिस्ट्रॉय'. नाव भयंकर आहे, पहिल्यांदा टाइप करताना माझा हात थरथरला होता. मॅन्युअल सरळ सांगतं की हे म्हणजे खऱ्या मशीनची वायर भिंतीतून उपटल्यासारखं आहे, बहुतेक वेळा तुम्हाला 'शटडाउन' हवं असतं, आणि याने डिस्क पुसली जात नाही, व्हीएम कायमची नोंदवलेली असेल तर पुन्हा सुरू करता येते. नाव चुकीचं ठेवलंय हे ओळखून वाचणाऱ्याला सावरून घेणारे हे दोन-तीन ओळींचे शब्द मला फार आवडतात. खरं घाबरायचं ते 'अनडिफाइन'ला. शब्द किती सौम्य, पण त्याने व्हीएमची व्याख्याच जाते, आणि त्याला सगळं स्टोरेज काढण्याचा पर्याय जोडला तर डिस्कही जाते.

म्हणजे लिबव्हर्टच्या लेखकांना इशारा कसा द्यायचा हे माहीत आहे. म्हणूनच पुढची तक्रार.

मेमरीचा टॅग बघा. एकक दिलं नाही तर आकडा किबिबाइटमध्ये धरला जातो. म्हणजे ४०९६ लिहिलं तर ४ मेबिबाइट, ज्यात आजची कुठलीही नेहमीची लिनक्स उठणार नाही. हाच ४०९६ क्यूईएमयूच्या कमांडलाइनवर दिला तर तो मेबिबाइट मानला जातो, म्हणजे ४ गिबिबाइट. एकच आकडा, एकावर एक बसलेले दोन थर, आणि अर्थात १०२४ पटींचा फरक. शिवाय लिबव्हर्टमध्ये 'जीबी' लिहिलं तर दशमान आणि 'जी' किंवा 'जीआयबी' लिहिलं तर द्विमान. १६ जीबी आणि १६ जीआयबी यांत सव्वा अब्जाला थोडे कमी, १,१७,९८,६९,१८४ बाइट्सचा फरक पडतो. पानावर हे सगळं लिहिलेलं आहे, अचूक आहे, मी त्यात चूक काढू शकत नाही. पण ही चूक निरुपद्रवी आहे: व्हीएम उठत नाही, तुम्ही शिव्या देता, दुरुस्त करता. म्हणून इथे मी गप्प बसतो.

डिस्कच्या कॅशबाबत मात्र गप्प बसवत नाही.

डिस्कच्या टॅगमध्ये ड्रायव्हर नावाचा टॅग असतो आणि त्यात कॅश हे अ‍ॅट्रिब्यूट. पान सांगतं की त्यात पुढीलपैकी एक लिहा: डिफॉल्ट, नन, राइटथ्रू, राइटबॅक, डायरेक्टसिंक, अनसेफ. पहिल्या चारांचा अर्थ दिलेला नाही. डायरेक्टसिंक हे राइटथ्रूसारखं पण होस्टची पेज कॅश टाळणारं, एवढं कळतं. अनसेफबद्दल एवढंच, की होस्ट सगळं वाचन-लेखन कॅश करू शकतो आणि गेस्टच्या सिंकच्या विनंत्यांकडे दुर्लक्ष केलं जातं. त्यानंतर पान लगेच पुढच्या अ‍ॅट्रिब्यूटकडे, डिस्कमध्ये एरर आली तर काय करायचं त्याकडे वळतं. सूर तोच, फॉन्ट तोच, वेग तोच.

त्या अर्ध्या वाक्यात काय दडलंय ते बघू. होस्ट म्हणजे यजमान, गेस्ट म्हणजे पाहुणा. मराठीत हे नातं जास्त चांगलं कळतं. पाहुण्याच्या आतला डेटाबेस व्यवहार पूर्ण करताना विचारतो, "हे डिस्कवर खरंच गेलं ना?" उत्तर येईपर्यंत तो थांबतो, आणि या थांबण्यावरच त्याचा सगळा भरवसा असतो. राइटबॅकमध्ये यजमान लिखाण आपल्या मेमरीत ठेवतो, पण पाहुण्याने विचारलं की निमूटपणे डिस्कवर उतरवतो आणि मगच हो म्हणतो. अनसेफमध्ये तो नुसताच हो हो म्हणतो आणि उतरवत काहीच नाही. त्यामुळे सगळं अतिशय वेगात चालतं. यजमानाची वीज जाईपर्यंत.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या एका व्हीएममध्ये इन्स्टॉलेशन लवकर संपावं म्हणून कोणीतरी अनसेफ लावलं होतं. कोणीतरी म्हणजे मीच. नंतर ते बदलायचं राहून गेलं. त्या व्हीएममध्ये पुढे सिम्युलेशनच्या निकालांचा डेटाबेस आला, कारण व्हीएम रिकामी होती आणि डिस्क मोठी होती. इमारतीची वीज एका रात्री गेली. सकाळी डेटाबेस उघडला तर अर्धी टेबलं वाचताच येईनात, आणि आमचा बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा. ज्या सहकाऱ्याचे ते निकाल होते तिला सांगायला मी तिच्या डेस्कपर्यंत चालत गेलो, ते अंतर अजून आठवतं. दोष माझा होता, डॉक्युमेंटेशनचा नाही. पण पुढचे कित्येक दिवस मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि मला वाटत होतं की वाक्य खरं आहे, फक्त त्याला वजन नाही.

मग मी क्यूईएमयूचं मॅन्युअल उघडलं. ते वाचायला गोड नाही. पर्यायांची न संपणारी रांग आहे. पण याच अनसेफबद्दल तिथे काय म्हटलंय? होस्ट बंद पडल्यावर डेटा शाबूत राहिला नाही तरी तुम्हाला चालत असेल तर हे वापरा. क्यूईएमयूला मग डिस्कवर काहीच लिहायची गरज उरत नाही. होस्टची वीज गेली किंवा स्टोरेजची जोडणी चुकून तुटली, तर तुमची इमेज बहुधा निकामी होईल. म्हणजे कोणासाठी आहे, काय होतं आणि कशामुळे होतं, तिन्ही गोष्टी. यात अलंकार नाही, लाल चौकट नाही. फक्त परिणामाचं नाव घेतलेलं आहे. सिंकच्या विनंत्यांकडे दुर्लक्ष हे यंत्राचं वर्णन झालं, इमेज निकामी होईल हे तुमच्या आयुष्याचं.

क्यूईएमयूच्या मॅन्युअलमध्ये याच जागी एक छोटा तक्ता आहे आणि तो मला या सगळ्या डॉक्युमेंटेशनमधला सर्वांत हुशार मजकूर वाटतो. तो दाखवतो की ही पाच नावं म्हणजे प्रत्यक्षात तीन बटणं आहेत. लिखाण मेमरीत आलं की लगेच 'झालं' म्हणायचं का, होस्टची पेज कॅश टाळायची का, आणि डिस्कवर उतरवण्याच्या विनंत्या सोडून द्यायच्या का. राइटबॅकमध्ये फक्त पहिलं चालू. नन मध्ये पहिलं आणि दुसरं चालू. म्हणजे 'नन' याचा अर्थ कॅश अजिबात नाही असा होत नाही, जो आपण सगळेच नावावरून लावतो. राइटथ्रूमध्ये तिन्ही बंद, डायरेक्टसिंकमध्ये फक्त दुसरं. तिसरं बटण फक्त एकाच ओळीत चालू आहे. हा तक्ता अर्धा मिनिट पाहिलात तर सहा शब्द पाठ करायची गरज राहत नाही.

लिबव्हर्टच्या पानावर हा तक्ता का नाही? याचं उत्तर आळस नाही, आणि इथे मला त्या लेखकांची बाजू घ्यावीशी वाटते. लिबव्हर्ट फक्त क्यूईएमयूशी बोलत नाही. झेन, एलएक्ससीचे कंटेनर, व्हीएमवेअरचं ईएसएक्स, फ्रीबीएसडीचं बीहाइव्ह, सगळ्यांसाठी तेच व्याकरण. 'डोमेन' हा शब्दसुद्धा झेनकडून आलाय, केंब्रिज विद्यापीठातल्या त्या प्रकल्पातून, ज्याचा शोधनिबंध २००३ मध्ये आला. इतक्या निरनिराळ्या यंत्रांबद्दल एकदम बोलायचं तर वाक्य सपाटच होणार. परिणाम सांगायचा तर कोणत्या हायपरवायझरचा? म्हणून पान शब्द सांगतं आणि अर्थ खालच्या थराकडे सोपवतं. अडचण ही, की खालच्या थराचं मॅन्युअल उघडायचं हे वाचणाऱ्याला कोणी सांगत नाही. लिबव्हर्ट आपण वापरतोच मुळी ते उघडावं लागू नये म्हणून.

हीच हतबलता व्हर्शच्या मॅन्युअलमध्ये चालू व्हीएमची मेमरी बदलण्याच्या कमांडखाली दिसते. बदल आत्ताच्या चालू मशीनवर हवा की पुढच्या वेळी सुरू होताना, यासाठी वेगळे फ्लॅग आहेत. कुठलाच फ्लॅग दिला नाही तर काय होईल? मॅन्युअल म्हणतं, वर्तन हायपरवायझरप्रमाणे वेगळं असतं. खांदे उडवणारं वाक्य आहे हे. खरं आहे, पण त्यावर कोणाला काही करता येत नाही.

असंही म्हणता येईल की संदर्भग्रंथाचं काम हेच. दानिएले प्रोचिदाने 'डायाटॅक्सिस' नावाची मांडणी केली आहे, तिच्यात शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण हे डॉक्युमेंटेशनचे चार वेगळे प्रकार, आणि संदर्भाने कोरडंच राहावं अशी अपेक्षा. रेल्वेच्या वेळापत्रकाने प्रवासाचा सल्ला देऊ नये, तसं. मला हे बऱ्याच अंशी पटतं. पण १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही, जे कोरडेपणाचं आद्यपीठ, कमांडच्या पानांवर 'बग्ज' नावाचा भाग असे. लेखक स्वतःच सांगायचा की हे इथे फसतं. संदर्भात इशाऱ्याला जागा नाही, असं परंपरा तरी म्हणत नाही. आणि याच लिबव्हर्टच्या पानावर सीपीयूच्या 'होस्ट-पासथ्रू' मोडखाली स्पष्ट लिहिलंय की दोन होस्टचं हार्डवेअर, मायक्रोकोड, क्यूईएमयूची आवृत्ती तंतोतंत सारखी नसेल तर चालू व्हीएम एकीकडून दुसरीकडे हलवणं धोक्याचं आहे. तिथे लेखक थांबला, श्वास घेतला, सांगितलं. डिस्कपाशी थांबला नाही. सीपीयू चुकला तर व्हीएम कोसळते आणि पुन्हा उठवता येते. डिस्क चुकली तर पुन्हा उठवायला काही राहत नाही.

कोणी म्हणेल, अहो नावातच 'अनसेफ' आहे, अजून काय हवं? पण कशाच्या दृष्टीने असुरक्षित? मला तेव्हा वाटलं होतं की हे सिक्युरिटीबद्दल असावं, आणि आमचं मशीन तर आतल्या नेटवर्कवर होतं. रस्ट शिकलेल्या माणसाला 'अनसेफ' म्हणजे आणखी तिसरंच काही वाटेल. आणि हा पर्याय वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे. टेस्ट चालवून फेकून द्यायच्या व्हीएमसाठी तो अगदी योग्य आहे, मी आजही तिथे तोच लावतो.

तुमच्या होस्टवर व्हर्शच्या डंपएक्सएमएल कमांडने प्रत्येक व्हीएमची फाइल काढा आणि त्यात कॅश हा शब्द शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. हा लेख लिहायला घेण्याआधी मी आमच्या नव्या सर्व्हरवर तेच केलं. दोन व्हीएममध्ये अनसेफ सापडलं. एक टेस्टची होती, ती तशीच ठेवली. दुसरीत गटाचा विकी होता.