आर्क फ्लॅश लेबलवरील आकडा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
औद्योगिक विद्युत उपकरणांवर काम करताना विजेचा धक्का हाच काय तो धोका, अशी दीर्घकाळ समजूत होती. दोन वाहकांमधील हवेतून प्रज्योत पेटल्यास प्रत्यक्ष स्पर्श न होताही कामगार गंभीर भाजतो, या दुसऱ्या धोक्याकडे राल्फ ली यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातून अभियंत्यांचे लक्ष वेधले. पुढे अमेरिकेत आर्क फ्लॅश अभ्यास करून उपकरणांवर लेबल लावण्याची पद्धत रूढ झाली. हे लेबल उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु त्यावरील आकडा वस्तुस्थितीपेक्षा अधिक निश्चिती सूचित करतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आकड्याची घडण :
लेबलवर प्रायः व्होल्टेज, आर्क फ्लॅश सीमा आणि ठराविक कार्य-अंतरावरील आपाती ऊर्जा नमूद असते. जेथे ही ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी, म्हणजे द्वितीय श्रेणीचे भाजणे सुरू होण्याइतकी असते, तेथे सीमा मानली जाते. गणनेसाठी आयईईई १५८४ ही मार्गदर्शिका वापरतात. तिची २००२ ची आवृत्ती सुमारे ३०० चाचण्यांवर, तर २०१८ ची आवृत्ती १८०० हून अधिक चाचण्यांवर आधारलेली आहे. नव्या आवृत्तीत वाहकांच्या आडव्या मांडणीचाही विचार झाला. अशा मांडणीत प्रज्योत थेट कामगाराच्या दिशेने फेकली जाते. त्यामुळे त्याच पॅनेलची ऊर्जा नव्या गणनेत अधिक येऊ शकते. पॅनेल तेच राहिले, आकडा मात्र बदलला. तात्पर्य, हा आकडा केवळ उपकरणाचा गुणधर्म नसून गृहीतकांचाही परिपाक आहे.

आकड्याच्या मर्यादा :
पहिली मर्यादा काळाची. ऊर्जा प्रज्योतीच्या कालावधीच्या सम प्रमाणात वाढते. ०.१ सेकंदात प्रवाह खंडित होईल असे धरून ४ कॅलरी लिहिले असेल आणि देखभालीअभावी ब्रेकर ०.५ सेकंद घेत असेल, तर प्रत्यक्षात २० कॅलरींना तोंड द्यावे लागते. लेबल मात्र चारच सांगत राहते.

दुसरी मर्यादा अंतराची. कमी दाबाच्या पॅनेलसाठी ४५५ मिलिमीटर अंतर धरतात. कामगार याच्या निम्म्या अंतरावर वाकला, तर २००२ च्या सूत्रानुसार ऊर्जा सुमारे तिप्पट होते.

तिसरी बाब विरोधाभासाची आहे. शॉर्ट सर्किटचा प्रवाह कमी म्हणजे धोका कमी, असे वाटते; पण कमी प्रवाहामुळे रिले उशिरा कार्य करतो आणि एकूण ऊर्जा वाढू शकते. म्हणून सर्वाधिक प्रवाहावर बेतलेली गणना नेहमीच सुरक्षित बाजूची ठरत नाही.

चौथी बाब वस्त्रांची. संरक्षक वस्त्राचे प्रचलित मूल्यांकन ज्या ऊर्जेवर केले जाते, तेथे द्वितीय श्रेणीचे भाजणे सुरू होण्याची शक्यता ५० टक्के असते. ८ कॅलरींचे वस्त्र ८ कॅलरींपुढे अभेद्य नाही. शिवाय स्फोटाचा दाब आणि उडणारे धातूचे तुकडे या मूल्यांकनात मोजले जात नाहीत.

लेबल आणि वाचक :
भारतीय विद्युत नियम, १९५६ अन्वये धोक्याची सूचना हिंदी किंवा इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत, कवटी व हाडांच्या चिन्हासह लावणे आवश्यक होते. ती सूचना धोक्याचे परिमाण सांगत नव्हती; पण निरक्षर माणसालाही समजत होती. आर्क फ्लॅश लेबल परिमाण सांगते. परंतु कॅलरीचा अर्थ न शिकविलेल्या कामगारासाठी ते मुके आहे. आपल्याकडे ही पद्धत स्वीकारताना दोन्हींचा मेळ घालणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
लेबलचा सर्वांत मोठा दोष आकड्यात नसून त्याच्या वाचनात आहे. ‘अमुक कॅलरींचे वस्त्र घाला’ याचा अर्थ ‘चालू विद्युतभारावर काम करा’ असा लावला जातो. वस्तुतः वीजपुरवठा खंडित करून, कुलूप लावून आणि वीज नसल्याची खात्री करूनच काम करणे हा पहिला उपाय आहे. वस्त्र हा शेवटचा. अभ्यासाचे खरे फलित चिकटविलेला कागद नव्हे, तर त्यातून सुधारलेली रिलेची मांडणी, दूरून ब्रेकर चालविण्याची सोय आणि नियमित देखभाल हे होय. अभियांत्रिकीच्या अध्यापनात गणनेबरोबर तिची गृहीतकेही शिकविली गेली, तरच लेबल वाचणारा हात सुरक्षित राहील.