एकटा पडतो म्हणजे काय? – ‘हाय नून’, पडद्यावर आणि पडद्यामागे



आज ‘हाय नून’ या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. १९५२ सालचा अमेरिकन चित्रपट, कृष्णधवल, ८५ मिनिटांचा. घोडे, पिस्तुलं, धुळीचा रस्ता, म्हणजे ज्याला आपण काउबॉयपट म्हणतो तो प्रकार. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल, आणि त्यामागची गोष्टही ऐकली असेल. ती गोष्ट इतकी चांगली आहे की हल्ली चित्रपटापेक्षा तिचीच चर्चा जास्त होते. माझी तक्रार थोडीशी इथेच आहे. पडद्यामागची गोष्ट सांगून चित्रपटाचा ‘अर्थ’ लावून टाकायचा आणि मोकळं व्हायचं, अशी एक सवय आपल्याला लागली आहे. मला उलट वाटतं. या चित्रपटाच्या निर्मितीची हकीकत नीट पाहिली, तर तो रूढ अर्थ अपुरा पडतो.

आधी कथानक थोडक्यात. हॅडलिव्हिल नावाचं लहान गाव. रविवारची सकाळ, साडेदहाची वेळ. मार्शल विल केन (गॅरी कूपर) याचं नुकतंच लग्न लागलंय. वधू एमी (ग्रेस केली) क्वेकर पंथाची, म्हणजे हिंसा पूर्ण वर्ज्य. केननं नोकरी सोडली आहे, नवा मार्शल दुसऱ्या दिवशी यायचा आहे. तेवढ्यात तार येते. केननं ज्याला तुरुंगात पाठवलं होतं तो फ्रँक मिलर सुटला आहे आणि बाराच्या गाडीनं येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. लोक केनला घाईघाईनं गावाबाहेर काढतात. तो निघतो, आणि वाटेतून परत येतो. मग घरोघर मदत मागत फिरतो. कुणी येत नाही. बारा वाजतात.

पडद्यावरचा वेळ आणि कथेतला वेळ जवळजवळ एकच चालतो. भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसतात. आपणही त्या गावात तास-दीड तास अडकलेले असतो.

आता रूढ अर्थ. पटकथाकार कार्ल फोरमन हे तरुणपणी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, पुढे बाहेर पडले. १९५१ मध्ये ही पटकथा लिहीत असतानाच त्यांना अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या त्या कुप्रसिद्ध समितीचं समन्स आलं. ‘अन-अमेरिकन’ कारवाया शोधणारी समिती. तिची रीत ठरलेली होती: तुमच्या जुन्या सोबत्यांची नावं सांगा आणि सुटा. नाही सांगितलीत, तर हॉलिवूडमध्ये काम बंद. फोरमन २४ सप्टेंबर १९५१ रोजी समितीपुढे गेले आणि नावं सांगायला नकार दिला. तेव्हा ‘हाय नून’चं चित्रीकरण चालू होतं! म्हणून म्हणतात: केन म्हणजे फोरमन, मिलरची टोळी म्हणजे समिती, आणि भेदरलेलं गाव म्हणजे हॉलिवूड. झालं, कुलूप उघडलं.

फोरमन यांनी स्वतःही नंतर सांगितलं की गावकऱ्यांच्या तोंडचे काही संवाद त्या दिवसांत त्यांच्याच कानावर पडलेले होते. तेव्हा हा अर्थ खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यानं एक घोटाळा होतो. एकदा समिती म्हणजे टोळी आणि हॉलिवूड म्हणजे भेकड गाव असं ठरवलं की गावकरी काय बोलतात ते ऐकायची गरजच उरत नाही. आणि माझ्या मते चित्रपटाचा गाभा त्यांच्या बोलण्यातच आहे.

पाहा हं. न्यायाधीश (ऑटो क्रूगर) भिंतीवरचा झेंडा उतरवतो, न्यायाचा तराजू पिशवीत भरतो, आणि भरता भरता केनला प्राचीन अथेन्सचा दाखला देतो: हाकलून दिलेल्या जुलमी राजाला लोकांनीच कसे दरवाजे उघडले! माणूस विद्वान आहे. इतिहास त्याला पाठ आहे, आणि तो घोड्यावर बसून निघून जातो. म्हातारा माजी मार्शल (लॉन चेनी ज्युनियर) म्हणतो, माझे हात संधिवातानं गेलेत, मी आलो तर तुलाच ओझं. ते खरंही आहे. एक मित्र घरात लपतो आणि बायकोला खोटं बोलायला लावतो. एक जण आधी तयार होतो, पण आपण एकटेच आहोत हे कळल्यावर बायकापोरांची आठवण काढतो. आणि चर्चमधला तो प्रसंग. नगराध्यक्ष हेंडरसन (थॉमस मिचेल) उठतो, केनची तोंडभर स्तुती करतो, आपल्यालाही वाटतं आता सगळे उठणार. मग तो सावकाश वळण घेतो. उत्तरेकडचे लोक आपल्या गावात पैसा घालायचा विचार करताहेत. भर रस्त्यात गोळीबार झाल्याचं त्यांनी वाचलं तर काय वाटेल? तेव्हा विल, गावाच्या भल्यासाठी तू निघून जा.

यातलं कुठलंही कारण निव्वळ मूर्खपणाचं नाही. प्रत्येकाला आपलं कारण पटतं, आणि वेगवेगळं काढून पाहिलं तर आपल्यालाही ते थोडंफार पटतं. केनचा एकटेपणा या लहान लहान, समजण्यासारख्या कारणांच्या बेरजेतून तयार होतो. तो त्याच्या शौर्यातून आलेला नाही, हे लक्षात घ्या. प्लेटोच्या ‘क्रिटो’ संवादात सॉक्रेटिसचा मित्र पहाटे तुरुंगात येतो आणि पळून जायची विनवणी करतो. मुलांचं काय होईल, लोक आम्हाला काय म्हणतील. तो शत्रू नाही, जिवाभावाचा मित्र आहे. सॉक्रेटिस त्याला उत्तर देतो, युक्तिवाद करतो. केनला ते जमत नाही. तो का थांबला हे त्याला धड सांगता येत नाही. घाबरलोय हे मात्र तो लपवत नाही.

इथे पडद्यामागची हकीकत पुन्हा घेऊ. निर्माते स्टॅन्ली क्रेमर. फोरमन त्यांचे भागीदार आणि मित्र. क्रेमर यांच्या कंपनीनं नुकताच कोलंबिया स्टुडिओशी मोठा करार केला होता. अनेकांचं काम त्यावर अवलंबून. एका माणसाच्या नकारापायी सगळी कंपनी गोत्यात यायची. त्यांनी फोरमनना दूर करायचं ठरवलं. हेंडरसनचं भाषण आठवतंय ना? क्रेमर खलनायक नव्हते. पुढे त्यांनी ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’सारखे विवेकाचे प्रश्न विचारणारे चित्रपट काढले. त्यांच्यापाशी कारण होतं, एवढंच.

आणि दुसऱ्या बाजूला कोण उभं राहिलं? गॅरी कूपर! राजकारणानं कूपर पक्के उजवे. १९४७ मध्ये याच समितीपुढे ते मित्र-साक्षीदार म्हणून गेले होते, मोघम बोलून आले, नाव कुणाचंच घेतलं नाही. फोरमनशी त्यांचं राजकारणात काही जुळत नव्हतं. तरी चित्रपट पूर्ण होईपर्यंत फोरमनना काढू नये, या बाजूनं ते उभे राहिले. दिग्दर्शक फ्रेड झिनेमानही. आणि चित्रपटात पैसा घातलेला कॅलिफोर्नियाचा एक लेट्यूस पिकवणारा मोठा शेतकरी होता, तोही. फोरमन नंतर स्वतंत्र कंपनी काढणार होते, तिच्यातही कूपर पैसे घालणार होते. मग त्यांच्यावर दबाव आला, आणि त्यांनी माघार घेतली. फोरमननी त्यांना दोष दिला नाही. ते स्वतः १९५२ मध्ये इंग्लंडला गेले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा त्यांनी आणि मायकेल विल्सन यांनी लिहिली, पण श्रेय मिळालं मूळ फ्रेंच कादंबरीकाराला. अकादमीनं चूक सुधारली तोवर दोघेही हयात नव्हते.

म्हणजे ‘एकटा फोरमन विरुद्ध भित्रं हॉलिवूड’ हे चित्र पुरतं खरं नाही. मदत मिळाली. अर्धवट मिळाली, ठरावीक मुदतीपर्यंत मिळाली, आणि विचारसरणीवरून जिथून अपेक्षा करावी तिथून ती आली नाही.

आता हे डोक्यात ठेवून पुन्हा चित्रपट पाहा. केन एकटा असतो का? चौदा वर्षांचा एक मुलगा येतो, मी लढतो म्हणतो. केन त्याला घरी पाठवतो. एका डोळ्यानं अधू असलेला दारुडा येतो, मला संधी द्या म्हणतो. केन त्याच्या हातावर पेल्याचे पैसे ठेवतो. गाव ज्यांना ‘पुरुष’ म्हणून मोजतं त्यांच्यात हे दोघे बसत नाहीत, आणि केनही गावाचंच मोजमाप वापरतो! त्याच्या जागी असतो तर आपणही तसंच केलं असतं कदाचित. पण मदत मागितली आणि कुणीच आलं नाही, हे विधान तपासून घ्यायला हवं.

आणि शेवटी वाचवतं कोण? एमी. जिचा बाप आणि भाऊ गोळीबारात गेले म्हणून जी अहिंसेकडे आली, ती नवऱ्यासाठी एका माणसाला पाठीत गोळी घालते. ग्रेस केली तेव्हा २१ वर्षांच्या, हा त्यांचा दुसराच चित्रपट. त्यांचा वावर काहीसा ताठर आहे, अवघडलेला आहे. समीक्षकांनी त्याला नावं ठेवली. मला तो ताठरपणा भूमिकेला उपकारक वाटतो. तत्त्व नुकतंच धरलेल्या माणसाचा तो ताठरपणा आहे, म्हणून ते मोडतं तेव्हा आवाज होतो. तिच्यासमोर हेलन रामिरेझ आहे. मेक्सिकन अभिनेत्री केटी हुरादो. गावाला आतून-बाहेरून ओळखणारी, आणि गावाकडून कसलीच अपेक्षा नसलेली बाई. स्वतः गाव सोडत असताना ती एमीला सांगते की माझा माणूस असता तर मी सोबत राहिले असते. या भूमिकेसाठी हुरादोंना गोल्डन ग्लोब मिळालं.

कूपर यांचा चेहरा हा या चित्रपटाचा मोठा आधार आहे. वय ५०, पोटात अल्सर, कंबर दुखत होती. झिनेमान आणि छायाचित्रकार फ्लॉईड क्रॉस्बी यांनी तो चेहरा सुंदर करायचा प्रयत्न केला नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या जुन्या छायाचित्रांसारखं रूप त्यांना हवं होतं: सपाट उजेड, पांढरं फटफटीत आकाश, एकही देखणा ढग नाही. काउबॉयपटात निसर्ग नेहमी नायकाच्या बाजूनं असतो. इथे निसर्गानंही अंग काढून घेतलंय. सगळं चित्रीकरण २८ दिवसांत उरकलं. रुळांवरून येणाऱ्या गाडीचं दृश्य घेताना झिनेमान आणि क्रॉस्बी रुळांवरच कॅमेरा लावून होते, गाडीचे ब्रेक लागले नाहीत, दोघे थोडक्यात वाचले. कॅमेऱ्याचा चुराडा झाला, पण फिल्म शाबूत राहिली.

झिनेमान यांचं म्हणणं असे की ही राजकीय गोष्ट नाही, सदसद्‌विवेकाची आहे. ते जन्मानं मध्य युरोपातले ज्यू. त्यांचे आईवडील नाझींच्या संहारात मारले गेले. शेजाऱ्यांनी दारं लावून घेणं म्हणजे काय, हे त्यांना हॉलिवूडनं शिकवायची गरज नव्हती.

चित्रपट गाजला. चार ऑस्कर मिळाली: अभिनय, संकलन, संगीत आणि गाणं. कूपर समारंभाला हजर नव्हते. त्यांच्या वतीनं पुरस्कार कुणी घेतला? जॉन वेन यांनी. तेच वेन १९७१ मध्ये एका मुलाखतीत हा चित्रपट अमेरिकाविरोधी असल्याचं बोलले. शेवटी नायक बिल्ला पायाखाली तुडवतो, असंही त्यांनी सांगितलं. तो तुडवत नाही, नुसता धुळीत टाकतो. हॉवर्ड हॉक्स यांना मार्शलनं लोकांकडे मदत मागत फिरणंच पसंत नव्हतं. उत्तर म्हणून त्यांनी १९५९ मध्ये वेनना घेऊन ‘रिओ ब्राव्हो’ काढला. आणखी एक गंमत. यश मिळाल्यावर क्रेमर, फोरमन, झिनेमान आणि संकलक एल्मो विल्यम्स यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला की चित्रपट खरा कुणामुळे झाला. संकटात प्रत्येकाकडे बाजूला होण्याचं कारण होतं, यशात प्रत्येकाकडे पुढे येण्याचं!

शेवटचा दाखला पोलंडचा. ४ जून १९८९. कम्युनिस्ट राजवटीखालची, काही अंशी मुक्त अशी निवडणूक. सॉलिडॅरिटीनं भिंती-भिंतींवर एक पोस्टर लावलं. त्यावर कूपर चालत येताहेत, छातीवर सॉलिडॅरिटीचं चिन्ह, आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. कम्युनिस्ट म्हणून हाकललेल्या माणसानं लिहिलेला नायक कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध उभा! ‘केन म्हणजे फोरमन’ एवढंच धरून बसलं, तर या पोस्टरचं काय करायचं?

मला वाटतं, पोलिश कलाकारानं चित्रपट बरोबर वाचला होता. त्या पोस्टरवर केन एकटा आहे, पण हातातली मतपत्रिका एकट्याच्या उपयोगाची नाही. ती लाखोंनी टाकली तरच काही होतं. हॅडलिव्हिलच्या चर्चमध्ये हेच घडायचं राहून गेलं. पहिल्या माणसानं उठायचं, आणि त्याचं कारण ऐकून दुसऱ्यानं बसायच्या आत उठायचं.

तेव्हा ‘हाय नून’ पुन्हा पाहाल तेव्हा एवढं करा. केनकडे थोडं कमी बघा. तो आपल्याला आवडतो, आपण लगेच त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. चर्चमधल्या बाकांकडे बघा, आणि तिथे बसलेल्यांपैकी कुणाचं कारण आपल्याला सगळ्यात जास्त पटतंय ते प्रामाणिकपणे ठरवा. मला स्वतःला तो न्यायाधीश फार ओळखीचा वाटतो. इतिहासाचे दाखले देत पिशवी भरणारा माणूस आम्हा प्राध्यापक मंडळींत दुर्मीळ नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.