दुबार नोंदींचा हिशेब

वैद्यकातले पद्धतशीर आढावे मी वाचतो ते निष्कर्षांसाठी कमी, ‘आम्ही कुठे शोधले’ या परिच्छेदासाठी जास्त. तिथे मेडलाइन, एम्बेस, वेब ऑफ सायन्स अशी नावांची रांग असते आणि पाठोपाठ एक वाक्य येते : इतक्या हजार नोंदी दुबार म्हणून वगळल्या. या वाक्याचा सूर मला खटकतो. जणू भाजी निवडताना टाकलेली देठे!

या सुरामागे एक जुनी मोजणी आहे. आढाव्यात घेतलेला लेख अमुक सूचीत आहे का, एवढेच अनेक अभ्यासांनी तपासले. दोन्हींत असला, तर एक सूची जादा ठरली. पण लेख सूचीत असणे वेगळे आणि शोधणाऱ्याच्या हाती लागणे वेगळे. मेडलाइनची विषयशीर्षके ‘मेश’ची, एम्बेसची ‘एमट्री’ची, औषधांच्या बाबतीत दुसरी अधिक बारकाईची. एकीकडे निसटलेला लेख दुसरीकडच्या शीर्षकाखाली गवसू शकतो. लेख तोच, त्याचे वाचन मात्र दोन. समीक्षेच्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

रॉटरडॅमच्या ब्रामर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ५८ आढावे घेऊन प्रत्यक्ष शोधात काय हाती लागले ते मोजले. आढाव्यांतले २९१ लेख, म्हणजे सुमारे १६ टक्के, एकेकाच सूचीने दिले होते; त्यांतले १३२ एकट्या एम्बेसने. मेडलाइन, एम्बेस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर मिळून ९८.३ टक्के लेख सापडले. आकडा दिलासा देणारा आहे. पण तो आढावाकारांना मिळालेल्या लेखांचा आहे. कुणालाच न मिळालेला लेख त्याच्या छेदातही नाही.

आणि तसे लेख असतात. २००१ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हुंगलेली २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका फुप्फुसे निकामी होऊन गेली. या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या अपायाबद्दलचे लेख १९५०च्या दशकात छापून आले होते. संशोधकाने पबमेड पाहिले होते. त्याचा आवाका तेव्हा १९६६पासूनचा. जोडीला एम्बेस पाहिले असते, तर? त्याच्या संगणकीय नोंदी १९७४पासूनच्या. दुबार नोंदी भरपूर निघाल्या असत्या, शोध कसून झाल्याचे समाधानही मिळाले असते. पन्नाशीतले ते लेख मात्र जिथल्या तिथेच राहिले असते.

पुढे जुन्या छापील सूच्यांतल्या नोंदी पबमेडमध्ये भरल्या गेल्या. एम्बेसचा १९४७ ते १९७३चा भाग मात्र ‘एम्बेस क्लासिक’ या नावाने वेगळी वर्गणी भरूनही घ्यावा लागतो. आढाव्यांतून तरीही ‘एम्बेस, सुरुवातीपासून’ असे बिनदिक्कत छापले जाते. मी समासात विचारतो : कोणत्या सुरुवातीपासून?