‘ती तर गृहिणी होती’: एका विशेषणाचा पाठलाग



माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘आस्त्रूद जिल्बेर्तो या अप्रशिक्षित गृहिणीचा आवाज योगायोगाने जगभर पोहोचला.’ गाइडनी ‘अप्रशिक्षित’, ‘गृहिणी’ आणि ‘योगायोगाने’ या तीन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढले आणि समासात लिहिलं, ‘हे कोण म्हणतं?’ मला वाटलं, सगळेच म्हणतात की! नंतर कळलं, अडचण नेमकी तिथेच आहे. संगीत तुमचा विषय नसला तरी पुढे वाचा. साहित्याचा आढावा घेताना हा खड्डा तुमच्याही वाटेत येणार आहे.

आधी प्रसंग सांगतो. मार्च १९६३, न्यूयॉर्क. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचे गायक-गिटारवादक जोआँव जिल्बेर्तो दोन दिवस एका स्टुडिओत बसून आठ गाणी ध्वनिमुद्रित करतात. पियानोवर संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम, ड्रमवर मिल्टन बनाना. जोआँवची पत्नी आस्त्रूद, वय तेवीसच्या आसपास, दोन गाण्यांत इंग्रजी ओळी गाते. त्यातलं एक ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’. १९६४ मध्ये ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ हा अल्बम आला, पण मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं. मग हेच गाणं सुटं काढताना जोआँवचा पोर्तुगीज भाग कापला गेला. पाच मिनिटांहून मोठं गाणं तीन मिनिटांच्या आत आलं, आणि उरला तो आस्त्रूदचा आवाज. ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६५ मध्ये अल्बमला आणि या गाण्याला, दोघांनाही वर्षातल्या सर्वोत्तमचं ग्रॅमी मिळालं.

आता पहिला गोल: ‘गृहिणी’. मी ज्या लेखातून हा शब्द उचलला, त्याने तो दुसऱ्या लेखातून घेतला होता, त्याने तिसऱ्यातून. मागे मागे जात राहिलो तेव्हा पोहोचलो खुद्द गेट्झपाशी. १९६४ च्या सुमाराला त्याने मुलाखतीत सांगितलं होतं की ती तेव्हा नुसती गृहिणी होती, जोआँवला इंग्रजीत गाता येत नव्हतं, म्हणून आपणच तिला घेतलं. आस्त्रूदने स्वतः पुढे वेगळं सांगितलं: तालमीच्या वेळी जोआँवनेच तिला एक कडवं इंग्रजीत गायला सांगितलं आणि गेट्झला ते आवडलं. स्टुडिओतल्या इतरांच्या आठवणीही एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. म्हणजे ज्याला मी ‘सर्वमान्य माहिती’ समजत होतो, ती एका पक्षाची साक्ष होती. आणि तो पक्ष श्रेयाचा दावेदार होता! दहा लेखांत तेच वाक्य सापडलं म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. पुरावा एकच, प्रती दहा.

दुसरा गोल: ‘योगायोगाने’. रिओ द जानेरोत १९६० मध्ये विद्यार्थ्यांसमोर झालेल्या बोसा नोव्हाच्या एका कार्यक्रमात आस्त्रूद जोआँवबरोबर मंचावर गायली होती. ही नवी शैली ज्या घरांत, ज्या मित्रमंडळीत घडत होती तिथेच तिचा वावर होता. न्यूयॉर्कमध्ये संधी अचानक आली असेल, तयारी अचानक आलेली नव्हती.

तिसरा गोल मात्र कानाने सोडवायचा आहे. ‘अप्रशिक्षित’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा: आवाजात कंप नाही, जोर नाही, सूर कुठे कुठे किंचित खाली बसतो. शेवटचं मला ऐकू येतं, मी ते नाकारत नाही. पण पहिल्या दोन गोष्टी हा दोष म्हणायचा का? जोआँवने १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेली गायकीच मुळी अशी आहे: मायक्रोफोनजवळ, जवळजवळ बोलल्यासारखी, कंपाशिवाय, गिटारच्या ठेक्याच्या जरा मागेपुढे. ब्राझीलमध्ये या गाण्याला नावं ठेवणाऱ्यांना जोबिम आणि न्यूटन मेंडोन्सा यांनी एका गाण्यातूनच उत्तर दिलं होतं. त्याचं नाव ‘देसाफिनादो’, म्हणजे ‘बेसूर’. गंमत बघा, १९६२ मध्ये गिटारवादक चार्ली बर्डसोबत गेट्झने जी बोसा नोव्हा अमेरिकेत गाजवली, त्यात हेच गाणं पुढे होतं. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’मध्येही ते आहे. सपाट गाणं जोआँवने गायलं की शैली, आणि आस्त्रूदने गायलं की शिक्षणाचा अभाव, असं कसं?

आता हेडफोन लावा आणि अल्बममधलं पूर्ण गाणं ऐका. आधी जोआँव, मग आस्त्रूद, मग गेट्झ. मधल्या भागाकडे लक्ष द्या. तिथे चाल मूळ स्वरपट्टी सोडते आणि तोच तुकडा दर वेळी आणखी वर सरकतो. कच्च्या कानाची गायिका तिथे हमखास घसरेल. आस्त्रूद घसरत नाही, आवाज चढवतही नाही. आणखी एक गोष्ट. विनिसियस दि मोराइसच्या पोर्तुगीज शब्दांत एक पुरुष स्वतःच्या एकटेपणाबद्दल बोलतो. नॉर्मन गिंबेलचे इंग्रजी शब्द बाईच्या तोंडी आले तेव्हा तो पुरुष ‘मी’चा ‘तो’ झाला. आता गाणारी बाजूला उभी राहून एक मुलगी आणि तिच्याकडे बघत झुरणारा माणूस, दोघांनाही पाहते. तिचा अलिप्त, कोरडा स्वर या जागेला नेमका बसतो. लगेच गेट्झचा सॅक्सोफोन येतो, भरदार, कंपाने थरथरणारा. विरह तो वाजवतो, आणि तो उठून दिसतो तो आधी तिने काही ओतलेलं नसतं म्हणून.

विशेषणाला एवढं का धरून बसायचं? कारण विशेषणाला किंमत असते, अगदी रोख. रुय कॅस्ट्रो यांच्या बोसा नोव्हाच्या इतिहासानुसार आस्त्रूदला या कामाचे १२० डॉलर मिळाले, युनियनच्या दराने एका सत्राचे. ‘नुसत्या गृहिणी’ला रॉयल्टी कशाला, हा हिशेब त्या शब्दातच बसलेला आहे. आणि पुढे गिल इव्हान्सच्या संगीतरचनेत तिने केलेला अल्बम असो, की १९७० च्या दशकात स्वतः लिहिलेली गाणी, ‘योगायोगा’च्या गोष्टीत त्यांना जागाच उरत नाही. जून २०२३ मध्ये ती गेली तेव्हाही बहुतेकांना ते एकच गाणं आठवलं.

आता उलट्या टोकालाही जाऊ नका. ‘अन्याय झालेली महान गायिका’ हेही तयार विशेषणच आहे, त्यालाही गोल पडेल.

तुमच्यासाठी काम एवढंच: तुमच्या आढाव्यातलं सगळ्यांत ‘सर्वमान्य’ वाक्य घ्या आणि ते पहिल्यांदा कोण बोललं, कुणाबद्दल बोललं आणि त्यातून त्याला काय मिळालं, इथपर्यंत मागे जा. मग मूळ वस्तू स्वतः बघा, वाचा, ऐका.

माझं वाक्य आता असं आहे: ‘जोआँवच्या गायकीत मुरलेल्या आस्त्रूदने १९६३ मध्ये दोन गाण्यांना इंग्रजी आवाज दिला, तिला शोधल्याचा दावा गेट्झने केला, तो तिने मान्य केला नाही.’ पहिल्या वाक्याइतकं ते चटकदार नाही, पण या वेळी समास कोरा परत आला.